आयएफएसमध्ये मोठ्या घरचीच मुलं असतात का? खरा अडसर वयाचा आहे

नांदेड जिल्ह्यातल्या एका मुलीने प्रश्न विचारलाय. वडील एसटीत कंडक्टर, बारावीपर्यंत मराठी माध्यम, वय 24, यूपीएससीचा दुसरा प्रयत्न. तिचं म्हणणं थोडक्यात असं: परराष्ट्र सेवेत (आयएफएस) अजूनही बड्या घरची, कॉन्व्हेंटची मुलंच असतात का? आरक्षण इतकी वर्षं आहे, तरी वरच्या पदांवर त्याच वर्गातले लोक का दिसतात? आणि हे बदलायचं तर नेमकं काय करायला हवं?

मी जवळपास तीन दशकं या सेवेत काढली, काही दूतावासांत, काही दिल्लीत. आता पुण्यात मुलांच्या मॉक मुलाखती घेतो. त्यामुळे उत्तर थोडं लांबेल.

आधी प्रश्नाची फोड करू, कारण यात दोन वेगळे प्रश्न एकत्र झालेत. एक, आत कोण येतं. दोन, आत आलेल्यांपैकी वर कोण पोचतं. पहिल्या बाबतीत सेवा बरीच बदललीय. दुसऱ्या बाबतीत फार कमी. बहुतेक चर्चा पहिल्याच प्रश्नावर अडकते, दुसऱ्याकडे कुणी बघत नाही.

आत कोण येतं ते आधी. ही सेवा उभी करण्याचा निर्णय झाला 9 ऑक्टोबर 1946 ला. सुरुवातीची भरती आयसीएस या इंग्रजांच्या काळातल्या प्रशासकीय सेवेतले अधिकारी, सैन्यातले लोक, संस्थानिकांच्या घरातली माणसं अशी होती. इंग्रजांच्या राज्यात परदेश पाहिलेला, इंग्रजी अस्खलित बोलणारा माणूस दुसऱ्या कुठल्या घरात सापडणार होता? तरी त्याच काळात, 1949 साली, पुढे राष्ट्रपती झालेले के. आर. नारायणन आले. केरळातल्या उळवूरचं गरीब दलित कुटुंब, शाळेला रोज मैलोन्‌मैल पायी. पण त्यांच्या गोष्टीत एक तपशील लोक गाळतात. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सला ते गेले ते जे. आर. डी. टाटांच्या शिष्यवृत्तीवर. हुशारी त्यांची होतीच, पण ती फुलायला लागणारा वेळ आणि पैसा बाहेरून कुणीतरी पुरवला. हा धागा लक्षात ठेवा, पुढे पुन्हा लागेल.

नंतरचे मोठे बदल तीन. कोठारी समितीच्या शिफारशींनंतर 1979 पासून परीक्षेचं स्वरूप बदललं आणि आठव्या अनुसूचीतल्या भाषांमध्ये पेपर लिहिता येऊ लागले, म्हणजे मराठीतही. 1994 च्या परीक्षेपासून ओबीसींना 27 टक्के आरक्षण लागू झालं. अनुसूचित जातींचं 15 आणि जमातींचं साडेसात टक्के आधीपासून होतंच. तिसरा बदल कुठल्याही आदेशाने झालेला नाही. एके काळी यादीतले पहिले काही जण डोळे मिटून परराष्ट्र सेवा लिहायचे. आज बहुतेकांची पहिली पसंती आयएएसला असते, त्यामुळे परराष्ट्र सेवा बरीच खालच्या क्रमांकापर्यंत उतरते. माझे काही जुने सहकारी याला दर्जाची घसरण म्हणतात. मला ते पटत नाही. काही लाख मुलांतून हजाराच्या आत आलेल्या माणसाचा दर्जा क्रमांक चाळीस की चारशे यावर ठरवणं हास्यास्पद आहे. उलट त्या 'घसरणी'नेच जिल्ह्याच्या गावांतली मुलं, इंजिनिअर, डॉक्टर, शिक्षकांच्या नि शेतकऱ्यांच्या घरातली मुलं या सेवेत आली. सुरुवातीला इथे जेवणाच्या टेबलावर कुणाचे काका कुठे राजदूत होते याच्या गप्पा कानावर पडायच्या; निवृत्त होईपर्यंत त्या जवळजवळ बंद झाल्या होत्या.

तेव्हा तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर: नाही, आता मोठ्या घरचीच मुलं नसतात.

आता दुसरा प्रश्न. इथे साधा हिशेब मांडतो. परराष्ट्र सचिव म्हणजे या सेवेतलं सगळ्यात वरचं पद. गेल्या काही सचिवांची तुकडी, म्हणजे सेवेत आल्याचं साल, आणि पद मिळाल्याचं साल बघा. जयशंकर, तुकडी 1977, सचिव 2015. विजय गोखले, 1981 आणि 2018. श्रृंगला, 1984 आणि 2020. क्वात्रा, 1988 आणि 2022. मिस्री, 1989 आणि 2024. म्हणजे सेवेत 34 ते 38 वर्षं झाल्यावर हे पद मिळालंय. निवृत्तीचं वय 60. वजाबाकी करा. जो पंचविशीपर्यंत सेवेत आला, त्यालाच या खुर्चीपर्यंत पोचायची शक्यता. हे सगळे 22 ते 25 या वयातच सेवेत आलेले. तेव्हा वयोमर्यादाही कमी होती हे खरं, पण बढतीचा हिशेब आजही तुकडीवरच चालतो.

आज वयोमर्यादा खुल्या गटाला 32, ओबीसींना 35, अनुसूचित जाती-जमातींना 37. ही सवलत अगदी योग्य आहे, तिच्याशिवाय कितीतरी जण आत आलेच नसते. पण ज्याच्यासाठी सवलत आहे तो ती वापरतो, म्हणजे उशिरा येतो. तेहतिसाव्या वर्षी आलेल्या अधिकाऱ्याकडे सत्तावीस वर्षं उरतात. तो राजदूत होतो, त्यात शंका नाही. मध्यम आकाराच्या देशात सहसचिव दर्जाचा अधिकारीही मिशनचा, म्हणजे दूतावासाचा, प्रमुख असतो. पण सचिव पदाच्या, वॉशिंग्टन-बीजिंग-मॉस्कोच्या पायरीला पोचेपर्यंत त्याचा निरोप समारंभ झालेला असतो. कुणी अन्याय केला असं म्हणायलाही जागा नाही, कारण नियमात कुठे जात नाही, वर्ग नाही. फक्त कॅलेंडर आहे. आणि कॅलेंडर कोणाच्या बाजूने आहे? ज्याला पदवीच्या दुसऱ्या वर्षीच घरून सांगितलं जातं की नोकरीची काळजी करू नकोस, परीक्षेला बस, त्याच्या.

याचा उलटा पुरावाही आपल्याकडे आहे. ज्ञानेश्वर मुळे कोल्हापूर जिल्ह्यातल्या अब्दुल लाट गावचे. खेड्यातून आले, 1983 च्या तुकडीत, पंचविशीच्या आत. निवृत्त झाले ते परराष्ट्र मंत्रालयात सचिव म्हणून. गाव आड आलं नाही, मराठी आड आली नाही. वय साथीला होतं.

मग गरीब घरातली मुलं उशिरा का येतात? तुम्हाला हे मी सांगायला नको. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर जागा, अभ्यासिकेची फी, मेसचे पैसे, टेस्ट सिरीज. पहिल्या प्रयत्नात बहुतेकांची पूर्वपरीक्षाही निघत नाही. दुसऱ्यानंतर घरून फोन येतो की धाकटीचं लग्न आलंय. मग मुलगा एमपीएससी देऊन विक्रीकर निरीक्षक नाहीतर पीएसआय होतो, नोकरी करत रात्री अभ्यास करतो आणि तिशी ओलांडल्यावर यादीत येतो. माझ्याकडे मॉक मुलाखतीला येणाऱ्यांमध्ये ही कहाणी इतकी नेहमीची आहे की बायोडेटा बघून मी पुढचा अंदाज बांधतो. ही मुलं अभ्यासात कमी नसतात. मुलाखतीत तर ती बऱ्याचदा उजवी ठरतात, कारण तहसील कचेरी नाहीतर पोलीस ठाणं आतून पाहिलेलं असतं.

वयाखालोखाल दुसरी गोष्ट, भाषा. इंग्रजीचा बाऊ लोक जितका करतात तितका तो परीक्षेत नाही. इंग्रजीचा पेपर 300 गुणांचा, पण फक्त पात्रतेपुरता, 25 टक्के लागतात. मुलाखत मराठीत देता येते. 2011 मध्ये पूर्वपरीक्षेत आलेल्या सीसॅट या कल चाचणीच्या पेपरने मात्र ग्रामीण मुलांना चांगलाच फटका दिला होता. 2015 पासून तोही पात्रतेपुरता झाला. खरी अडचण नोकरीत येते, आणि ती बोलण्यात नसून लिहिण्यात येते. परराष्ट्र सेवेत माणसाची पत त्याच्या मसुद्यावर ठरते. भेटीचं टिपण, दिल्लीला जाणारा संदेश, यजमान देशाला द्यायची नोट. सुरुवातीची दोन-तीन वर्षं वरिष्ठ तुमच्याबद्दल जे मत बनवतो ते या कागदांवरून.

एक उदाहरण देतो. एका मिशनमध्ये माझ्या हाताखाली मराठवाड्यातलाच एक तरुण अधिकारी होता. यजमान देशाच्या मंत्रालयातल्या एका बैठकीचं त्याने टिपण आणलं, चार पानी. कोण काय बोललं ते सगळं क्रमाने, अगदी चहा आल्यापासून. वाक्यं व्याकरणात बरोबर होती. मी त्याला म्हटलं, पहिल्या परिच्छेदात मला फक्त तीन गोष्टी दे: त्यांना काय हवंय, त्यांनी काय टाळलं, आणि आपण आता काय करायचं. बाकीचं खाली. पुन्हा आणलं, पुन्हा लाल पेन. चौथ्यांदा आणलं तेव्हा दीड पान होतं आणि 'त्यांनी काय टाळलं' या ओळीत त्याने अशी एक गोष्ट पकडली होती जी बैठकीत बसूनही माझ्या लक्षात आली नव्हती. हे शिकवायला दोन-तीन महिने पुरतात. पण ज्याच्या वरिष्ठाला तेवढा धीर नसतो, त्याच्या गोपनीय अहवालात 'ड्राफ्टिंग सुमार' असा शेरा पडतो, आणि तो शेरा पुढची कित्येक वर्षं त्याच्या मागे फिरतो. कॉन्व्हेंटच्या मुलाला हे शाळेत, घरात, वादविवाद स्पर्धांत आधीच मिळालेलं असतं. काटे-चमचे, वाईन, सूट हे सगळं किरकोळ. पंधरा दिवसांत येतं. त्याची भीती कुणी घालत असेल तर ऐकून सोडून द्या.

तिसरी गोष्ट बाहेरच्यांना दिसत नाही. प्रशिक्षणानंतर प्रत्येकाला एक परकीय भाषा दिली जाते आणि तिची परीक्षा पास झाल्याशिवाय सेवेत कायम करत नाहीत. भाषा देताना पसंती आणि सेवेची गरज पाहतात, पण तुकडीतल्या क्रमांकाचंही वजन असतं. चिनी, रशियन, फ्रेंच, अरबी यांतली कुठली भाषा मिळाली यावर पुढच्या नेमणुकांचा रस्ता बराचसा ठरतो. म्हणजे परीक्षेतल्या थोड्याशा गुणांचा फरक पुढे तीस वर्षं व्याज खात राहतो. शिवाय तेहतिसाव्या वर्षी, लग्न झालेलं, लहान मूल, आणि अशात चिनी लिपी शिकायची. बावीस वर्षांच्या अविवाहित मुलापेक्षा ते जड जाणारच.

स्त्रियांच्या बाबतीत अडथळा निदान कागदावर होता, म्हणून त्याला कोर्टात आव्हान देता आलं. सी. बी. मुथम्मा, या सेवेतल्या पहिल्या महिला अधिकारी, 1949 मध्ये आल्या. लग्नासाठी महिला अधिकाऱ्याने लेखी परवानगी घ्यायची आणि संसारामुळे कामात अडथळा येतो असं सरकारला वाटलं तर तिने राजीनामा द्यायचा, असा नियम होता. पुरुषांना नाही, फक्त बायकांना. 1979 मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्या भेदभावावर कडक शब्दांत कोरडे ओढले. पहिली महिला परराष्ट्र सचिव, चोकिला अय्यर, त्यानंतर 22 वर्षांनी 2001 मध्ये झाली. बघा, नियम गेल्यावरसुद्धा वरपर्यंत पोचायला एवढा काळ लागला. वर्गाच्या बाबतीत तर पाडायला नियमच नाही.

जगात इतरांनी काय केलं? ब्रिटनमध्ये 1919 पर्यंत राजनैतिक सेवेत यायला वर्षाला 400 पौंडांचं स्वतःचं खासगी उत्पन्न लागायचं. ती अट गेली, पण 2019 च्या एका पाहणीत त्यांच्या वरिष्ठ राजनैतिक अधिकाऱ्यांपैकी 52 टक्के खासगी शाळांतले निघाले. देशात अशा शाळांत जाणारे साधारण 7 टक्के. शंभर वर्षं गेली तरी. त्यांच्याकडून एक गोष्ट मात्र उचलण्यासारखी आहे. तिथे सरकारी नोकरांना विचारतात की तुम्ही 14 वर्षांचे असताना घरातल्या मुख्य कमावत्या माणसाचं काम काय होतं. वर्ग मोजायला यापेक्षा सोपा प्रश्न मला माहीत नाही. अमेरिकेने 1992 मध्ये पिकरिंग आणि 2002 मध्ये रँगल या फेलोशिप सुरू केल्या: शिक्षणाचा खर्च द्यायचा, इंटर्नशिप द्यायची आणि मग सेवेत घ्यायचं.

मला सगळ्यात पटलेला मार्ग ब्राझीलचा. तिथली राजनैतिक परीक्षा आपल्यासारखीच कठीण, आणि सेवा वर्षानुवर्षं गोऱ्या सधन घरांची. 2002 पासून तिथे कृष्णवर्णीय उमेदवारांना परीक्षेच्या तयारीसाठी शिष्यवृत्ती देतात, पुस्तकं, शिकवणी आणि राहण्याचा खर्च भागवण्यासाठी. 2014 च्या कायद्याने केंद्रीय नोकऱ्यांत 20 टक्के राखीव जागाही आल्या. क्रम लक्षात घ्या. आधी वेळ विकत घेऊन दिला, मग कोटा. आपण कोटा आधी दिला, आणि वेळ देण्याचं काम अर्धवट राहिलं.

अर्धवट म्हणालो, कारण महाराष्ट्रात बार्टी, सारथी, महाज्योती या सरकारी संस्था दिल्ली-पुण्यात कोचिंग आणि विद्यावेतन देतात. चांगली योजना आहे. पण ती मिळते पदवीनंतर, आणि त्यातही जाहिरात, परीक्षा, निवड यात वेळ जातो. हा पैसा पदवीच्या दुसऱ्या वर्षापासून मिळाला, नांदेड-परभणीच्या कॉलेजातच मिळाला, तर मुलगी 22-23 व्या वर्षी पहिला खरा प्रयत्न देऊ शकते. माझ्या हातात एकच गोष्ट बदलायची असती तर मी ही बदलली असती. उलट, वयोमर्यादा खाली आणा म्हणजे तरुण अधिकारी मिळतील, ही सूचना दर काही वर्षांनी डोकं वर काढते. पैसा न देता वय खाली आणलं तर तरुण मिळतील खरे, पण पुन्हा त्याच घरांतले.

सेवेच्या आतही करण्यासारखं आहे. मोठ्या मिशनच्या नेमणुकीत तुकडीपेक्षा त्या प्रदेशातल्या कामाला आणि भाषेला जास्त वजन द्यायला हवं. पहिल्या दोन नेमणुकांत मसुदे शिकवायची जबाबदारी कुणाची हे नाव घालून ठरवायला हवं; आज ते नशिबावर आहे. 'ब' शाखेतले, म्हणजे कर्मचारी निवड आयोगाच्या सीजीएल परीक्षेतून आलेले असिस्टंट सेक्शन ऑफिसर, हे बहुतेक निम्न मध्यमवर्गातले असतात आणि मिशनचं निम्मं काम तेच ओढतात. त्यांच्यातल्या हुशारांना चाळिशीच्या आत वरच्या शाखेत यायचा रुंद रस्ता हवा, निवृत्तीच्या तोंडावरची बढती नव्हे.

आरक्षणाबद्दल एक नाजूक मुद्दा. राखीव जागांवर आता अधिकाऱ्यांचीच दुसरी पिढी येते, अशी तक्रार असते. काही प्रमाणात खरी आहे. पण जात आणि वर्ग ही दोन वेगळी मापं आहेत. दलित अधिकाऱ्याच्या मुलाला पैशाची चणचण नसेल, पण आडनाव विचारून सूर बदलणारे लोक त्यालाही भेटतात, परराष्ट्र मंत्रालयातसुद्धा. एका मापासाठी दुसरं मोडून चालणार नाही. दोन्ही मोजा, सेवेनुसार जाहीर करा, मग वाद घालू.

हे सगळं कशासाठी, असं विचारणारेही असतात. परदेशात देशाची बाजू मांडणारा माणूस कुठल्या घरातला आहे याने काय फरक पडतो? आखातात काम केलेल्याला हे विचारू नका. तिथे सुमारे 90 लाख भारतीय आहेत आणि त्यातले कितीतरी मजूर. दूतावासात ओपन हाउस असतो, कामगार तक्रारी घेऊन येतात. एका ओपन हाउसला एक सुतार आला, गप्पच उभा. तिथला एक अधिकारी त्याला फॉर्म भरून आणायला सांगत होता. बाजूच्या तरुण अधिकारी मुलीने, जिचे मामा स्वतः आखातात गवंडी होते, त्याला हिंदीत विचारलं: "इकामा (राहण्याचा परवाना) कधी संपला? पासपोर्ट तुझ्याकडे आहे की कफीलकडे (मालकाकडे)? पगार किती महिने नाही?" तिसऱ्या प्रश्नाला तो माणूस बोलायला लागला. त्याच्यासारखे त्याच कॅम्पमधले आणखी वीस-पंचवीस जण असल्याचं त्यातून निघालं. हे प्रश्न प्रशिक्षणात सांगतात, पण कोणत्या क्रमाने विचारायचे ते तिला घरातून आलेलं होतं.

आता तुमच्यापुरतं. 24 हे वय अजिबात उशिराचं नाही, अजून दोन वर्षांत आलात तरी पुढे भरपूर सेवा उरते. म्हणून प्रयत्न विखरू नका. सलग द्या, आणि राज्यसेवेचा आधार घ्यायचाच असेल तर त्याला मुदत घाला. विद्यावेतनाच्या योजनांची जाहिरात येईल तेव्हा बघू असं न करता कागदपत्रं, विशेषतः उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला, आत्ताच तयार ठेवा. सीजीएलची वयोमर्यादा लवकर संपते, तोही अर्ज भरा. परराष्ट्र मंत्रालयातली ती नोकरी परदेश दाखवते आणि घरही चालवते. रोज इंग्रजीत एक पान लिहा, कुठल्याही बातमीवर, आणि दुसऱ्या दिवशी ते अर्ध्यावर आणा.

आणि पसंतीक्रम भरताना एक नियम डोक्यात ठेवा. आयएएस किंवा आयएफएसमध्ये नेमणूक होऊन तुम्ही त्या सेवेत राहिलात, तर ही परीक्षा पुन्हा देता येत नाही. पोलीस किंवा महसूल सेवेतून पुन्हा बसण्याच्या अटी वेगळ्या आहेत. त्यामुळे 'मिळाली तर बघू' म्हणून परराष्ट्र सेवा दुसऱ्या क्रमांकावर टाकू नका. दर तीन वर्षांनी देश बदलणार, आई-वडील आजारी असताना तुम्ही सहा हजार किलोमीटर लांब असणार, हे घरच्यांशी आधी बोला. नको असेल तर यादीत खाली ठेवा, हवी असेल तर पहिली लिहा.